अण्णांची गच्ची गळत नाही

त्या घराची गच्ची गळत होती, पण तसं म्हणायची सोय नव्हती. कारण गच्ची अण्णांनी बांधली होती.

आता घर बांधायला गवंडी होते, मजूर होते, ठेकेदार होता. पण स्लॅब पडला त्या दिवशी अण्णा लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचून स्वतः सिमेंटच्या ओल्या मालात उभे राहिले होते आणि सगळ्यांवर सारखं ओरडले होते. अण्णांच्या मते बांधणं म्हणजे तेच. आयुष्यभर सरकारी कामांवर ओव्हरसियर म्हणून ते असेच ओरडले. त्यातले पूल सरकारचे, रस्ते लोकांचे. स्वतःचं म्हणावं असं छत हे एवढंच. घरी पाहुणा आला की त्याला पाणी विचारायच्या आधी ते वर बघायला लावायचे. "काय दिसतं?" म्हणून विचारायचे. पाहुणा बिचारा "पंखा" म्हणाला की त्याची त्यांच्या मनातली किंमत कायमची उतरायची.

आणि हे छत गळायचं ते नेमकं अण्णांच्या पलंगावर. एवढं घर मोकळं पडलं होतं, न्हाणीघर होतं, मागचा ओटा होता, पण नाही. पाण्याला अक्कल नसते म्हणतात, ते साफ खोटं आहे.

अण्णांनी पहिल्या थेंबाला पाल म्हटलं. दुसऱ्याला दमट हवा म्हटलं. मग थेंब नियमाने यायला लागले तेव्हा त्यांनी पलंगाच्या दांड्याला छत्री बांधली आणि खिडकीतून डोळ्यांवर उजेड येतो असं जाहीर केलं. खिडकी पायांकडे होती आणि छत्री डोक्यावर होती, पण हे त्यांना सांगणार कोण? पुढे खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, खोलीत ओल आहे, खोली बदला. अण्णा म्हणाले, डॉक्टर बदला.

हे सगळं निस्तरायचं होतं त्यांच्या चिरंजिवांना. चिरंजिवांनी पन्नाशी ओलांडली होती. विमा कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. लोकांची घरं गळली, भिजली, पडली की ते लोक भरपाई मागायचे, आणि ती का देता येत नाही हे चिरंजीव त्यांना अत्यंत सभ्य भाषेत कळवायचे. ऑफिसात त्यांना सगळे बाळासाहेब म्हणत. घरी अण्णा त्यांना बाळ्या म्हणत. ह्या दोन नावांच्या मध्ये कुठेतरी त्यांचा सगळा जन्म अडकला होता.

कारण बाळासाहेबांच्या हातचं कुठलंही काम अण्णांनी आजवर पास केलेलं नव्हतं. बाळासाहेबांनी भिंतीत खिळा ठोकला, की अण्णा तो उपसायचे आणि त्याच भोकात पुन्हा स्वतः ठोकायचे. फ्यूज बसवला की काढून पुन्हा बसवायचे. बाळासाहेबांना मानसन्मान नको होते, बढती नको होती. एकदा, फक्त एकदा, अण्णांनी त्यांचं एखादं काम बघून "जमलं रे तुला" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती इच्छा बोलून दाखवण्याइतके ते धीट नव्हते. पण ओल अण्णांच्या छातीत उतरत होती, आणि आता ही गच्ची मीच दुरुस्त करणार, असं त्यांनी मनोमन ठरवून टाकलं.

"अण्णा," एका सकाळी त्यांनी चाचपून बघितलं, "गच्चीची जरा डागडुजी करावी म्हणतो."

अण्णांनी छत्रीखालून मान बाहेर काढली. "गच्चीला काय धाड भरलीय?"

"काही नाही. उगाच आपली."

"मग उगाच आपलं ऑफिसला जा."

टपकन एक थेंब छत्रीवर पडला. दोघांनीही तो ऐकला आणि दोघांनीही ऐकला नाही.

ह्या प्रसंगी बाळासाहेबांनी बायकोला विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं शेजाऱ्याला. शेजारचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव असा" ह्या शब्दांनी सुरू व्हायचं, म्हणून सगळी गल्ली त्यांना अनुभवी म्हणायची. गळतीचं नाव काढताच अनुभवींनी खुर्ची पुढे ओढली.

"बाळासाहेब, माझा अनुभव असा, की पाणी जिथे पडतं तिथे शिरलेलं नसतंच. ते शिरतं एकीकडे, आतल्या आत हिंडतं आणि निघतं भलतीकडे. चोर कुठून शिरला ते आधी शोधा."

"कसं शोधणार?"

"रंगाने! गच्चीवर मातीचे बांध घालून चौकोन करा. एका चौकोनात लाल पाणी तुंबवा, एकात निळं, एकात हिरवं, एकात पिवळं. खाली ज्या रंगाचा थेंब पडेल तो चौकोन गुन्हेगार. ह्याला शास्त्र म्हणतात."

बाळासाहेबांना शास्त्राबद्दल फार आदर होता, कारण त्यांचा शास्त्राशी कधी संबंध आला नव्हता. संध्याकाळी अण्णा बागेत फिरायला गेले, तसे दोघे गच्चीवर चढले. बाळासाहेबांनी ऑफिसच्या पँटीत माती कालवली, गुडघ्यांवर रांगत बांध घातले, बायकोचे साड्या रंगवायचे रंग बादल्यांत घोळले. अनुभवी कठड्यावर बसून "बांध वाकडा आहे" एवढंच अधूनमधून सांगत होते. अंधार पडायच्या आत गच्ची होळी खेळल्यासारखी दिसायला लागली. समोरच्या इमारतीतली माणसं खिडक्यांत जमली. एकीने तर विचारलंही, "शिकवणी घेणार का हो चित्रकलेची?"

रात्री उशिरापर्यंत एकही थेंब पडला नाही. बाळासाहेब निराश होऊन झोपले.

सकाळी अण्णा खोलीतून बाहेर आले ते जांभळे. रात्री उकडलं म्हणून त्यांनी छत्री मिटली होती. पांढरं शुभ्र टक्कल, त्यावर मधोमध जांभळा ठिपका, तिथून नाकापर्यंत एक ओघळ आणि बनियनवर मोठं जांभळं बेट.

सून हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. बाळासाहेबांनी वर्तमानपत्रात तोंड खुपसलं. अण्णा आरशासमोर गेले. बराच वेळ त्यांनी स्वतःकडे पाहिलं. आता कबूल करतील, बाळासाहेबांना वाटलं. आता काय सुटका आहे?

"त्या डॉक्टरचं औषध," अण्णा शांतपणे म्हणाले, "घामातून बाहेर पडतंय."

आणि ते तसेच, त्या ठिपक्यासकट, डॉक्टरकडे जाब विचारायला गेले. डॉक्टरांनी तीस वर्षांत जांभळा घाम पाहिला नव्हता. त्यांनी घाबरून खोकल्याचं औषध बंद केलं, रक्त तपासायला सांगितलं आणि हा प्रकार आपल्या दोन डॉक्टर मित्रांना फोनवर कळवला. अण्णा विजयी मुद्रेने परत आले आणि दुप्पट खोकायला लागले.

"जांभळा म्हणजे लाल अधिक निळा," अनुभवी टाळी वाजवून म्हणाले. "दोन्ही चौकोनांच्या सांध्यात भेग आहे! माझा अनुभव मला कधी दगा देत नाही."

भेग खरंच होती. गवंडी आला, त्याने सांध्यावरची माती खरवडली, हातोडीने टकटक केली आणि मान हलवली. वरून सिमेंट फासून चालणार नाही, एवढा तुकडा फोडून नवा माल भरावा लागेल, म्हणाला. पण स्लॅब फोडायचा तर वॉर्ड ऑफिसची परवानगी लागेल. मागे एकाकडे विनापरवाना फोडला, तेव्हा आपली हत्यारं जप्त झाली होती, असंही तो म्हणाला.

बाळासाहेब वॉर्ड ऑफिसात गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज न वाचताच परत सरकवला.

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"वडिलांच्या."

"मग त्यांनी लिहून द्यायला पाहिजे, माझी गच्ची गळते म्हणून. खाली सही."

"ते तसं लिहून देणार नाहीत."

"का?"

"त्यांच्या मते ती गळत नाही."

"मग परवानगी कशाची मागताय?"

"ती गळते म्हणून."

"मालक म्हणतो गळत नाही, तुम्ही म्हणता गळते. तुम्ही कोण?"

"मुलगा."

"मुलगा हा रकाना आमच्याकडे नाही," कारकून अत्यंत सभ्य भाषेत म्हणाला. बाळासाहेबांना तो सूर कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. तो त्यांचा स्वतःचाच होता.

शेवटी पाच खिडक्या फिरून, दोन ठिकाणी हात जोडून आणि एका ठिकाणी उगाचच माफी मागून त्यांनी एवढं पदरात पाडून घेतलं, की साहेब घरी येऊन पाहणी करतील आणि गळती दिसली तर बघू.

पाहणीचे साहेब आले तेव्हा नेमका पाऊस पडत होता. बाळासाहेबांना देव पावला असं वाटलं. साहेबांना त्यांनी थेट अण्णांच्या खोलीत नेलं, छत्री हळूच बाजूला केली आणि पलंगावर, बरोबर जागेवर बसवलं.

"वर बघा," अण्णा म्हणाले. "काय दिसतं?"

साहेबांनी वर पाहिलं. थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. त्यांनी चष्मा पुसला.

"छत दिसतं," ते म्हणाले.

अण्णांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी बरोबर उत्तर दिलं होतं! मग त्यांनी साहेबांना खडी कुठून आणली ते सांगितलं, वाळू किती वेळा धुतली ते सांगितलं, ठेकेदाराला कसा झापला ते अभिनयासकट दाखवलं. साहेबही मूळचे बांधकाम खात्यातले निघाले. दोघांनी मिळून आजकालच्या सिमेंटला शिव्या घातल्या. थेंब साहेबांच्या चहात पडत होते, खांद्यावर पडत होते. साहेब जरा डावीकडे सरकायचे आणि पुढे ऐकायचे. बाळासाहेब अण्णांच्या मागे उभे राहून हातवारे करून त्यांना वर दाखवत होते.

"तुमच्या मुलाला काही त्रास आहे का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"लहानपणापासून," अण्णा म्हणाले.

साहेबांनी ओल्या हाताने शेरा लिहिला: छत उत्तम स्थितीत, तक्रार निराधार. आणि खाली सही ठोकली.

त्या रात्री अण्णा खूप खोकले. बाळासाहेब पलीकडच्या खोलीत पडून ऐकत होते. त्यांना राग आला, दया आली आणि पुन्हा राग आला. चुलीत गेली परवानगी, ते म्हणाले. उद्याच फोडायचं.

प्रश्न होता अण्णांना दुपारभर घराबाहेर काढायचा. अनुभवींनी तो चुटकीसरशी सोडवला. त्यांनी आपल्या घरी अण्णांचं व्याख्यान ठेवलं. विषय, स्लॅब कसा घालावा. गल्लीतल्या दहाबारा सज्जनांना चहाच्या बोलीवर श्रोते म्हणून आणून बसवलं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, खोकल्याची गोळी तोंडात ठेवून निघाले, तेव्हा ते दहा वर्षांनी लहान दिसत होते.

इकडे गवंड्याने दुप्पट मजुरीच्या बोलीवर छिन्नी लावली. खाली बाळासाहेबांच्या बायकोने अण्णांच्या पलंगावर जुनी सतरंजी टाकली. बाळासाहेब घमेलं घेऊन खालीवर करत होते. काम झकास चाललं होतं. गवंडी म्हणालाही, "स्लॅब मात्र लोखंड आहे हो." बाळासाहेबांना उगाचच वडिलांचा अभिमान वाटला. आणि तेवढ्यात शेवटच्या घावाला तो तुकडा सगळाच खाली गेला.

दाणकन आवाज झाला. धूळ बसली. गच्चीला कलिंगडाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून खाली सौभाग्यवतीचा चेहरा वर बघत होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "इथून आभाळ दिसतंय."

एवढ्यात फाटकाची कडी वाजली. बाळासाहेबांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. अण्णा येत होते. एकटे नव्हे, सगळा श्रोतृवृंद मागे घेऊन. व्याख्यान इतकं रंगलं होतं की कुण्या उत्साही गृहस्थाने "प्रत्यक्ष दाखवा की" म्हणून फर्माईश केली होती. सगळ्यांत मागे अनुभवी दोन्ही हात वर करून, माझा नाइलाज झाला, अशा खुणा करत होते.

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात तेव्हा विचार करायला वेळ नसतो. बाळासाहेब भोकावर बसले.

ते अगदी मांडी घालून बसले. गवंडी छिन्नी हातात धरून, कोपरापर्यंत सिमेंटच्या धुळीने माखून तसाच उभा राहिला. जिन्यातून अण्णा आले, मागून गल्ली आली.

"बाळ्या, इथे काय करतोस?"

"ऊन खातोय, अण्णा."

आभाळ काळंकुट्ट होतं. अण्णांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. "आणि हे कोण?"

"माझे... ऑफिसातले साहेब."

गवंडी क्षणभर गडबडला. मग त्याने छिन्नी पाठीमागे लपवली आणि मान ताठ केली. "फाइल बघायला आलो होतो," तो भारदस्त आवाजात म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला साहेब केलं होतं, त्यामुळे त्याने पुढे स्वतःहून भर घातली, "ह्यांचं काम ठीक आहे, पण अजून सुधारणेला वाव आहे."

"तेच मी म्हणतो!" अण्णा म्हणाले. त्यांना हे साहेब फार आवडले.

मग अण्णांनी गच्चीवर पाय आपटला. "बघा, आवाज बघा, ठणठणीत! कुठे पोकळ वाजतंय? हत्ती नाचवा वर." त्यांनी पुन्हा पाय आपटला. भोकाच्या कडेचा एक खपला सुटून खाली पडला. खालून "आई गं!" असा आवाज आला.

"सून कपाट आवरतेय," अण्णांनी श्रोत्यांना समजावलं.

"अहो," खालून घाबरलेली हाक आली, "हलू नका, सगळं दिसतंय!"

काय दिसत होतं हे सुदैवाने कुणी विचारलं नाही. बाळासाहेबांनी डोळे मिटून घेतले. कंपनीतले लोक त्यांना बघून उभे राहायचे. आणि आज ते स्वतःच्या बापाच्या गच्चीत बूच होऊन बसले होते. वरून पावसाचे थेंब सुरू झाले तशी श्रोत्यांची पांगापांग झाली. अण्णा मात्र जिन्यात थबकले.

"भिजशील ना रे. चल खाली."

"येतो अण्णा. तुम्ही व्हा पुढे."

"ह्याला लहानपणापासूनच पाण्यात बसायची खोड," अण्णांनी गवंड्याला सांगितलं आणि ते खाली उतरले.

आता ते खोलीत जाणार आणि वर बघणार! बाळासाहेबांनी वाकून भोकाला कान लावला. भोकातून त्यांना खालचं स्पष्ट ऐकू येत होतं. दार लोटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ बायकोचा शांत आवाज आला.

"अण्णा, आत येऊ नका. तुमच्या पलंगात ढेकूण झालेत. मी औषध मारलंय. आठवडाभर हॉलमध्ये झोपा."

"ढेकूण?" अण्णा म्हणाले. "तरीच रात्री झोप लागत नाही. चांगलं जालीम औषध मार." आणि ते मुकाट्याने हॉलमध्ये गेले. घराला कुठलाही रोग असल्याचं कबूल करायला त्यांची हरकत नव्हती, फक्त तो छतापासून खाली असायला हवा होता.

बाळासाहेब वरूनच भोकात तोंड घालून कुजबुजले, "अगं, हे तुला आधी नाही सुचलं?"

"आधी तुम्ही मला विचारलंत कधी?" बायको खालून म्हणाली. "तुम्ही अनुभवींना विचारत होतात."

पुढचं काम गवंड्याने ताडपत्री बांधून पार पाडलं. खालून फळी लावली, तिला बांबूचा टेकू दिला, जाळी टाकली, माल भरला, दाबून घोटला. बाळासाहेबांनी अर्धा माल स्वतःच्या हाताने भरला. बोटं सोलवटली. आठवडाभर ते सकाळसंध्याकाळ गच्चीवर पाणी घालत होते. अण्णांनी विचारलं तेव्हा त्यांनी झाडांना घालतो म्हणून सांगितलं, आणि मग गच्चीवर झाड हवं म्हणून एक कुंडी विकत आणावी लागली. टेकू काढल्यावर एका दुपारी त्यांनी पलंगावर स्टूल, स्टुलावर स्वतः असे उभे राहून त्या जागेला खालून गिलावा केला आणि चुना दिला. हात दुखेपर्यंत घोटला. उतरून पाहिलं, तर भोक होतं कुठे हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. असं काम त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

अण्णा आपल्या पलंगावर परत आले त्याच दिवशी पाऊस कोसळला. सगळी दुपार तो थांबेना. बाळासाहेब ऑफिसातून धावत घरी आले आणि बुटांसकट अण्णांच्या खोलीत जाऊन उभे राहिले. वर बघितलं. चादरीला हात लावून बघितलं. सगळं कोरडं ठणठणीत होतं. अण्णा उताणे पडून छताकडे बघत होते. खोकला जवळजवळ गेलाच होता.

"काय रे, असा काय बघतोस?"

"काही नाही. पाऊस आहे बाहेर."

"असू दे की." अण्णा हसले. "समोरच्या इमारतीत म्हणे बादल्या लावल्यात. आणि इथे बघ. गळतंय कुठे?"

बाळासाहेबांच्या ओठांवर सगळं आलं होतं. बांध, रंग, पाच खिडक्या, भोकावर बसणं, सोललेली बोटं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. दारात बायको उभी होती, तीही वाट बघत होती.

"तो कोपरा बघ," अण्णांनी बोट वर केलं. ते थेट त्या जागेवर, त्या नव्या चुन्यावर होतं. "सगळ्या छतात तेवढा तुकडा बघ. किती सफाईदार आहे! बाकी चुना पिवळा पडला, तो पडला नाही. तेवढा मी स्वतःच्या हाताने घोटला होता, गवंड्याला हात लावू दिला नव्हता." त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. डोळे आनंदाने चमकत होते. "खरं सांग बाळ्या, तुला जमलं असतं असं काम?"

बाळासाहेबांनी सोललेली बोटं पाठीमागे घेतली.

"नाही, अण्णा," ते म्हणाले. "मला कुठलं जमतंय!"